जुन्या इंजिनात दुसऱ्या इंजिनाचे भाग : काय चालते, काय नाही

बालाघाटच्या पठारावरील वाशी तालुक्यात (नवी मुंबईतील वाशी निराळी) शेती बव्हंशी पावसावर अवलंबून आहे. ऐन पेरणीत छोटा ट्रॅक्टर किंवा विहिरीवरचे ऑइल इंजिन बंद पडले, तर नव्या भागांची वाट पाहण्यास सवड नसते. भंगारातील इंजिनाचे भाग बसवून काम भागविण्याकडे मग कल होतो. तो सर्वस्वी चुकीचा नाही; पण भाग बसला म्हणजे जुळला, हा समज महागात पडतो.

किर्लोस्करची एव्ही १ व टीव्ही १ ही एका सिलिंडरची इंजिने याचे चांगले उदाहरण आहे. दोन्हींचा स्ट्रोक ११० मिमी. बोअर मात्र अनुक्रमे ८० आणि ८७.५ मिमी. त्यामुळे घनफळ ५५३ वरून ६६१ घनसेंमी होते आणि १५०० फेऱ्यांना शक्ती सुमारे ५ ऐवजी ७ अश्वशक्ती मिळते. स्ट्रोक समान असला तरी पिस्टन, लायनर, हेड व गॅस्केट परस्परांत बदलता येत नाहीत.

बोअर समान असलेल्या पिस्टनबाबतही गजन पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची मोजणे अगत्याचे असते. ती जास्त असल्यास पिस्टन हेडवर वा व्हॉल्व्हवर आदळतो. कमी असल्यास दाब घटतो, इंजिन थंडीत सुरू होत नाही आणि पांढरा धूर सोडते. खात्रीसाठी पिस्टनच्या माथ्यावर शिशाची तार ठेवून, हेड पूर्ण आवळून फ्लायव्हील हाताने फिरवावे. दबलेल्या तारेची जाडी उत्पादकाने दिलेल्या मापाशी पडताळावी. माथ्यावरील खळग्याचा आकारही तोच हवा, कारण डिझेलचा फवारा त्याच बेताने मारलेला असतो. पिस्टनचे वजन बदलले, तर क्रँकचा तोल बिघडून हादरे वाढतात.

कनेक्टिंग रॉडची टोपी दुसऱ्या रॉडला कधीही लावू नये. दोन्हींचे भोक एकत्र जोडूनच कातलेले असते, म्हणून त्यांवर जुळणारे क्रमांक असतात. क्रँक घासून घेतला असेल, तर ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइझ यांपैकी नेमके कोणते बेअरिंग लागते, हे मायक्रोमीटरने ठरवावे. क्रोमच्या लायनरमध्ये क्रोमच्या रिंगा घालू नयेत. दोन्ही एकमेकांना ओरबाडतात. टायमिंग गिअर जोडीनेच बदलावेत.

झाकणे, इंधनटाकी, सायलेन्सर यांची अदलाबदल मात्र बेलाशक करावी.