डुक्कर फियाटचा जीर्णोद्धार

मोटारगाडीचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो बहुधा संस्थानिकांच्या अंगाने. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते, तेव्हा माणसे सोन्याइतकीच त्या गाडीकडेही पाहतात. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स रॉइस पाहायला मिळते. या गाड्यांची देखभाल हा प्रतिष्ठेचा विषय असतो, आणि त्यांच्यासाठी पैसा व कारागीर दोन्ही मिळतात. परंतु ज्या गाडीने तालुक्याच्या गावातला कापूस, कोर्टाच्या तारखा, लग्ने आणि बाळंतपणे वाहिली, तिचा इतिहास कोणी लिहिला नाही. ती गाडी म्हणजे फियाट ११००. तिच्या पहिल्या पिढीला, गोल पाठ आणि पुढे काढलेले तोंड पाहून, लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. नाव कुचेष्टेचे खरे, पण मराठी माणूस ज्याला टोपणनाव देतो त्याला त्याने घरात घेतलेले असते.

आमच्या परतूरच्या वाड्याच्या पडवीत अशी एक गाडी बरीच वर्षे उभी होती. ती पुन्हा चालती करावी असे घरात ठरले, आणि त्यासोबतच असा प्रश्न उभा राहिला की, चालती करायची म्हणजे नेमके काय परत आणायचे? या लेखाचा विषय तो प्रश्न आहे. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी मोटारीच्या कारखान्याचे स्वप्न १९३० च्या दशकात पाहिले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी त्या दृष्टीने योजना आखली होती. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी १९४० च्या सुमारास करार झाला. पण युद्धाच्या ऐन धामधुमीत इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटारी बनाव्यात असे वाटेना. वालचंदांचा स्वभाव असा की, एक दार बंद झाले तर त्यांनी भिंतच पाडावी. विमानप्रवासात भेटलेल्या विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी बोलता बोलता विमानाच्या कारखान्याची कल्पना निघाली, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारीआधी विमान! प्रीमिअर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी सहकार्य झाले. १९५३ साली टॅरिफ कमिशनने, ज्यांच्याकडे देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच इथे राहावे, अशा अर्थाची शिफारस केली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. त्याच सुमारास, १९५४ साली, कुर्ल्याहून फियाट ११०० निघाली. स्वतः वालचंद मात्र १९५३ मध्येच वारले होते.

इटलीत ही गाडी १९५३ साली लोकांपुढे आली होती, म्हणजे आपल्याकडे ती शिळी होऊन आली नाही. चार सिलिंडरांचे १०८९ सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, पुढची दारे उलटी उघडणारी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. (लुगडे नेसलेल्या बाईला या दारातून उतरणे सोपे जाई, असे आमच्या आजीचे मत होते. अभियंत्यांनी हा लाभ मोजला होता की नाही, देव जाणे.) एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावे बदलत ही डुक्कर पिढी १९६४ पर्यंत चालली. मग चौकोनी बांध्याची डिलाइट आली, १९७० च्या दशकात तीच पद्मिनी झाली आणि शतक संपताना तिचे उत्पादनही थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्यापिवळ्या पद्मिनीचा अंमल संपला आणि वर्तमानपत्रांनी भरभरून मृत्युलेख लिहिले. डुक्कर फियाट गेली तेव्हा असे कोणी लिहिले नाही. ती एकदम गेलीच नाही, गावोगावच्या पडव्यांत हळूहळू बसत गेली.

त्या काळी गाडी विकत घेणे म्हणजे नंबर लावून थांबणे होते. १९५९ पासून मोटारींच्या वितरणावर सरकारी नियंत्रण होते, १९६९ पासून किमतीवरही आले. प्रतीक्षा वर्षांवर जाई. खुद्द लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधानपदी असताना १९६४ साली फियाट घेतली ती १२,००० रुपयांना, आणि त्यातले ५,००० पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज होते. ते १९६६ साली ताश्कंदला वारले तेव्हा कर्ज फिटायचे होते. ललिताबाईंनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीच्या शास्त्री स्मारकात ठेवलेली आहे. तिच्यात पाहण्यासारखे यांत्रिक असे काहीच नाही. पाहायचे आहे ते कर्ज.

नंबर न लावता गाडी हवी असेल तर जुनी घ्यावी लागे. आमच्या आजोबांनी तेच केले: मुंबईत नऊ वर्षे चाललेली १९६२ ची सुपर सिलेक्ट त्यांनी १९७१ मध्ये परतूरला आणली. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. गाडीच्या नोंदणीपुस्तकात आजोबांच्या नावाखाली 'मु. पो. परतूर, जि. परभणी' असे शाईने लिहिलेले आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि घर जागचे न हलता जिल्हा बदलला. त्याआधीच्या तीस-पस्तीस वर्षांत याच घराने निजामाचे राज्य, १९४८ ची पोलीस कारवाई, १९५६ चे द्वैभाषिक आणि १९६० चा महाराष्ट्र पाहिला होता. मराठवाड्यातल्या माणसाला राज्य बदलण्याचे फारसे अप्रूप नसते. रस्ता बदलला तर मात्र तो लक्षात ठेवतो.

आणि रस्ता हीच खरी अडचण होती. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज या भागात विसाव्या शतकाच्या आरंभीच आली. परतूर हे त्या मार्गावरचे स्टेशन, त्यामुळे कापसाची ये-जा रेल्वेने होई. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली बससेवाही सुरू केली होती. पण स्टेशन आणि बस यांच्या पलीकडे जी गावे होती तिथे बैलगाडीच. पावसाळ्यात काळी माती चाकांना असा मिठी मारे की, फियाटचा बुटका पोट-पत्रा जमिनीला घासून निघे. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी मागचे आसन काढून ठेवले ते कडब्यासाठी आणि दवाखान्यात न्यायच्या माणसांना आडवे निजवण्यासाठी. ते पुन्हा बसवले गेले ते आत्याच्या लग्नात, नव्या रेक्झिनसह. मूळ कापड कोणते होते हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

गाडीच्या डाव्या पायाखालच्या तळाला गंज लागून भोक पडले, तेव्हा गावातल्या मिस्त्रीने वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून तिथे रिव्हेट मारले. मॅटिंग उचलले की त्यावरचे झाडाचे चित्र अजून दिसते. या ठिगळावरूनच घरात दोन तट पडले. थोरले बंधू म्हणतात, गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशी करावी: मूळ रंग, नवा पत्रा, नवे क्रोम. काकांचे म्हणणे असे की, तशी गाडी तर कोणाचीही असू शकते. आपली गाडी ती, जिच्या तळाला डबा आहे.

दोघांचेही म्हणणे आम्हांला पटते, आणि त्याला कारण परतूरपासून फार दूर नसलेली एक जागा आहे. अजिंठा हैदराबाद संस्थानात होता. १९२० साली संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानींच्या कारकिर्दीत, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावून भित्तिचित्रांची डागडुजी करवली. सुटू लागलेला गिलावा त्यांनी घट्ट बसवला, यात शंका नाही. त्यांच्यामुळे बरेच काही वाचले. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगण फिरवले. त्या दिवशी रंग झळाळून उठले असतील. पुढे तेच रोगण पिवळे, मग तपकिरी पडले, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि पुढच्या पिढ्यांनी अजिंठ्याचे रंग मुळातच असे मंद आहेत अशी समजूत करून घेतली. भारतीय पुरातत्त्व खात्याने पुढे कित्येक वर्षे खपून काही भागांवरची लाख उतरवली, तेव्हा खालचे निळे आणि हिरवे पुन्हा दिसू लागले. जतन करणाऱ्याचा हेतू उत्तम, हात कुशल, आणि तरीही चित्रावर त्याने स्वतःचा एक थर चढवला. मोटारीवर ड्यूको मारणारा याहून वेगळे काय करतो?

दुसरीकडे, देवळांच्या बाबतीत आपली परंपरा निराळी आहे. वेरूळचे घृष्णेश्वर आज उभे आहे ते अठराव्या शतकातल्या होळकर घराण्याच्या जीर्णोद्धारामुळे. त्यांनी जुना दगड जपावा म्हणून देऊळ बांधले नाही. पूजा चालू राहावी म्हणून बांधले. पूजा चालू आहे तोवर देऊळ तेच, अशी ही दृष्टी. काका नकळत चित्रांच्या बाजूचे आहेत आणि थोरले बंधू देवळाच्या. गंमत अशी की, दोघांनाही हे सांगितले तर ते मान्य करणार नाहीत.

जुन्या मोटारींच्या जगानेही हा वाद घालून पाहिला आहे. फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तुरीनमध्ये, म्हणजे फियाटच्याच गावी, एक सनद मान्य केली. तिच्यात आहे ते जपणे, बिघाड थांबवणे आणि हरवलेले पुन्हा करणे या गोष्टी वेगवेगळ्या मानल्या आहेत, आणि वापरातून आलेल्या खुणांनाही इतिहासाचा दर्जा दिला आहे. त्या मापाने तुपाचा डबा हा दस्तऐवज ठरतो.

आपल्या सरकारचे माप दुसरे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, पण ती मूळ रूपात राखलेली हवी. सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत फेरबदल झालेला नसावा. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. रोजच्या ये-जेसाठी मात्र ती वापरायची नाही. आता तळाला मारलेले ठिगळ हा कवचातला फेरबदल मानायचा काय? शब्द काटेकोरपणे घेतले तर उत्तर आमच्या विरुद्ध जाऊ शकते. निदान इंजिनाच्या बाबतीत आमचे नशीब चांगले. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पेट्रोल परवडेना म्हणून तालुक्यातल्या पुष्कळ गाड्यांत कुठले तरी डिझेल इंजिन कोंबले गेले. आजोबांनी ते केले नाही. तत्त्व म्हणून नव्हे. डिझेलचा आवाज त्यांना सोसत नसे.

प्रत्यक्ष कामाला हात घातला की तत्त्वे आपोआप नम्र होतात. इंजिन जाम झाले होते. हेड उघडून, सिलिंडरांत तेल सोडून आठवडाभर ठेवले तेव्हा ते फिरले. पिस्टनच्या रिंगा नव्या घालाव्या लागल्या आणि ब्रेकचे रबर तर बदलावेच लागते, तिथे अस्सलपणाचा आग्रह म्हणजे आत्मघात. खरी मेख पेट्रोलची. ही गाडी शिसे घातलेल्या पेट्रोलसाठी घडवलेली. ते आपल्याकडे २००० साली बंद झाले. आता पंपावर मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली गॅस्केटे खाते, आणि टाकीत पाणी धरते. म्हणजे गाडी जशीच्या तशी ठेवली तर ती चालणार नाही, आणि चालवली तर ती जशीच्या तशी राहणार नाही. आम्ही नळ्या बदलल्या, जुन्या नळ्या चिठ्ठी लावून पेटीत ठेवल्या. जे परत फिरवता येईल तेवढेच बदलायचे, असा नियम तिथून पुढे आपोआप पडत गेला.

रंगाचे भांडण मिस्त्रींनी सोडवले. लांबी भरून सरसकट घासायला ते तयार होते, पण आधी त्यांनी डॅशबोर्डच्या आतल्या कडेवर नखाएवढी जागा खरवडून पाहिली. वर आजोबांचा हिरवा, त्याखाली कोणा मुंबईकराचा मळकट पांढरा, त्याखाली तांबूस प्रायमर, आणि अगदी खाली फिकट राखाडी. थोरल्या बंधूंना ज्याची ओढ होती तो कुर्ल्याचा रंग हाच असावा. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हा तर कोणीच पाहिलेला नाही." घरातल्या प्रत्येकाच्या आठवणीतली गाडी हिरवी होती.

सध्या गाडी हिरवीच आहे. जिथे पत्रा उघडा पडला होता तेवढाच भाग रंगवला आहे, आणि तो शेजारच्या जुन्या हिरव्याशी मुद्दाम तंतोतंत जुळवलेला नाही. जवळून पाहणाऱ्याला नवे कुठले ते कळते. खरवडलेली ती नखाएवढी जागा तशीच उघडी ठेवून वर पारदर्शक लेप दिला आहे. तुपाच्या डब्याच्या पत्र्याखालून एक नवी पट्टी जोडली, भार ती उचलते, वरचा डबा आता नुसता तिथे आहे. नोंदणीच्या अर्जात कवचासंबंधीच्या रकान्यात काय लिहायचे हे अजून ठरलेले नाही. काकांच्या मते 'मूळ' असे लिहावे. थोरले बंधू वकील आहेत, ते म्हणतात की, आधी त्या शब्दाची व्याख्या मागवू.