दलाल स्ट्रीट, वरळी, लोअर परळ: शेअर बाजाराच्या डेटाबेसचा वेग

शेअर बाजार म्हणजे मुळात एक नोंदवही. कोणता शेअर कोणी कितीला मागितला, कोणी कितीला देऊ केला आणि सौदा कोणाकोणात ठरला, एवढेच तिच्यात असते. मुंबईत ही वही १८५०च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांच्या डोक्यात होती. १८७५ मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली, तिच्या जागेमुळे रस्त्याला दलाल स्ट्रीट हे नाव पडले आणि वही रिंगणात गेली. रिंगणात ओरडून आणि हाताच्या खुणांनी भाव बोलला जाई. ‘तरावणीवाला’ म्हणून ओळखला जाणारा जॉबर ठरावीक शेअरांचे खरेदीचे आणि विक्रीचे असे दोन्ही भाव सतत देत उभा असे. सौदा ठरला की दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सौदा-चोपडीत तो टिपून घेत.

या पद्धतीत एकाच सौद्याच्या दोन नोंदी दोन खिशांत असत आणि तिसरी, दोघांनाही मान्य अशी, नोंद कुठेच नसे. संध्याकाळी फोर्टमधल्या पेढ्यांवर कारकून मंडळी चोपड्या ताडून बघत. आकडा जुळला नाही, तर दुसऱ्या दिवशी बाजार सुरू होण्याआधी तंटा मिटवावा लागे. आजच्या भाषेत सांगायचे तर विदा शेकडो ठिकाणी विखुरलेली होती आणि ताळमेळ दिवसातून एकदाच, रात्री होत असे. व्यवहार थोडे होते तोवर हे पुरले. १९८०च्या दशकात लाखो नवे गुंतवणूकदार आले आणि ही वही अपुरी पडू लागली. १९९१ मध्ये एम. जे. फेरवानी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने नव्या राष्ट्रीय बाजाराची शिफारस केली. पुढच्याच वर्षी रोखे घोटाळा उघड झाला आणि हाताने ठेवलेल्या नोंदींवर विसंबून राहण्याचा धोका साऱ्या देशाने पाहिला.

नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची नोंदणी नोव्हेंबर १९९२ मध्ये झाली आणि एप्रिल १९९३ मध्ये त्याला शेअर बाजार म्हणून मान्यता मिळाली. आर. एच. पाटील हे त्याचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. या बाजाराला रिंगण नव्हतेच. वरळीच्या महिंद्रा टॉवर्समध्ये मध्यवर्ती संगणक आणि दलालाच्या टेबलावर पीसी, असा त्याचा आराखडा होता. जून १९९४ मध्ये कर्जरोख्यांचे व्यवहार सुरू झाले आणि ३ नोव्हेंबर १९९४ रोजी शेअरांचे.

या आराखड्याला क्लायंट-सर्व्हर म्हणतात. मूळ वही सर्व्हरवर असते. क्लायंट म्हणजे दलालाचा पीसी. तो मागणी पाठवतो आणि आलेले उत्तर पडद्यावर दाखवतो. ऐकायला हे सोपे आहे, पण वेगाचा सगळा प्रश्न कामाच्या वाटणीत दडलेला असतो. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट सर्व्हरला विचारली, तर हजार दलालांच्या हजार प्रश्नांखाली सर्व्हर दबून जातो. उलट प्रत्येक पीसीवर वहीची प्रत ठेवली, तर कोणती प्रत खरी हा रिंगणातला जुना तंटा नव्या रूपात परत येतो.

वरळीच्या बाबतीत अडचण आणखी मोठी होती. हा बाजार देशभर पसरवायचा होता आणि त्या काळच्या टेलिफोन तारांवर एवढा भरवसा टाकणे शक्य नव्हते. म्हणून दलालांच्या कचेऱ्यांच्या गच्च्यांवर व्हीसॅट म्हणजे लहान तबकड्या बसवून उपग्रहामार्फत जोडणी दिली गेली. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर धरले तर अर्धा सेकंद. सर्व्हर कितीही महागडा घेतला तरी हा अर्धा सेकंद कमी होत नाही, कारण तो प्रकाशाच्या वेगाने ठरलेला आहे. वापरात होता तो एक्स.२५ हा प्रोटोकॉल. पाठवलेल्या पाकिटांची पोच आल्याशिवाय ठरावीक संख्येपलीकडे नवी पाकिटे सोडायची नाहीत, अशी त्याची सावध रीत असते. कच्च्या तारांवर ही सावधगिरी उपकारक ठरते. उपग्रहावर मात्र पोच येण्यातच वेळ जातो. त्यामुळे फेऱ्या वेगवान करण्यापेक्षा फेऱ्यांची संख्या घटवणे हाच खरा उपाय होता. मुंबईच्या या प्रणालीची हुशारी इथेच दिसते.

‘नीट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रणालीत प्रत्येक दलालाच्या पीसीवर एक स्थानिक डेटाबेस होता. शेअरांची यादी, सदस्यांची माहिती, निर्देशांकाचे तपशील आणि त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या ऑर्डरी व सौदे यांची विचारपूस तिथल्या तिथे पुरी होई. वरळीपर्यंत जावे लागत नसे. मुख्य कचेरीला आपल्या एखाद्या शाखेच्या ऑर्डरी पाहायच्या असल्या तरच प्रश्न मध्यवर्ती संगणकाकडे जाई. ही सीमारेषा विचारपूर्वक आखलेली होती. जी माहिती दिवसभरात क्वचित बदलते किंवा जी केवळ एकाच माणसाच्या कामाची आहे, ती त्याच्याजवळ ठेवायची. जिच्यावर अनेकांचा हक्क आणि अनेकांचा डोळा आहे, तिची मूळ प्रत एकाच जागी राहील. ऑर्डर जुळवण्याचे काम पूर्णपणे सर्व्हरवरच राहिले: आधी चांगला भाव, भाव सारखा असेल तर आधी आलेली ऑर्डर. तरावणीवाल्याच्या नजरेची जागा या नियमाने घेतली.

भावांचे काय? भाव क्षणोक्षणी बदलतात आणि सगळ्यांनाच हवे असतात. प्रत्येक पीसीने सर्व्हरला ‘भाव काय?’ असे विचारत राहिले असते, तर सर्व्हरचा सारा दिवस उत्तरे देण्यातच गेला असता. इथे उपग्रहाचा दोष त्याचा गुण झाला. उपग्रहावरून आलेला एकच संदेश एकाच वेळी देशभरातल्या सगळ्या तबकड्यांवर उतरतो. सर्व्हरने बदललेला भाव एकदाच प्रसारित करायचा आणि पीसीने तो ऐकून पडद्यावर मांडायचा. दहा दलाल असोत की हजार, सर्व्हरवरचा भार तेवढाच. आकाशवाणीवर बाजारभाव ऐकण्याची सवय असलेल्या देशाला ही कल्पना परकी वाटायचे कारण नव्हते.

सर्व्हरच्या आत वेगाचा प्रश्न निराळा होता. त्या काळच्या हार्ड डिस्कवर एक नोंद शोधायची तर फिरत्या तबकडीवरून सुईचा हात सरकायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जाई. एका ऑर्डरमागे अशा दोन-चार हालचाली झाल्या, तर सेकंदाला मोजक्याच ऑर्डरी निघणार. म्हणून ‘नीट’मध्ये व्यवहारांची सारी माहिती संगणकाच्या स्मृतीतच, म्हणजे मेमरीतल्या डेटाबेसमध्ये ठेवली होती. स्मृती डिस्कच्या हजारो पटींनी वेगवान असते, परंतु यंत्र बंद पडले की पुसली जाते. त्यावरचा तोडगा यंत्राच्या निवडीत होता. वरळीचा सर्व्हर स्ट्रॅटस या कंपनीच्या ‘फॉल्ट टॉलरंट’ मेनफ्रेमवर चालत असे. अशा यंत्रात एकच आज्ञा जुळे प्रोसेसर एकाच वेळी पार पाडतात आणि उत्तरे ताडली जातात. एक जोडी चुकली तर ती बाजूला होते, दुसरी काम चालू ठेवते.

हिशेबाचे जड काम या यंत्रावर टाकले नाही, हाही निर्णय तितकाच महत्त्वाचा. कोणाकडून किती शेअर यायचे, कोणाला किती पैसे द्यायचे, दलालाची मर्यादा किती उरली, अशा लांबलचक प्रश्नांसाठी डिजिटल आणि एचपी या कंपन्यांचे वेगळे युनिक्स सर्व्हर होते. त्यांवर ओरॅकल ७ हा डेटाबेस आणि पडद्यांसाठी ओरॅकल फॉर्म्स व गुप्ता एसक्यूएल ही साधने वापरली गेली. यातली गुप्ता ही कंपनी १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात उमंग गुप्ता यांनी ब्रूस स्कॉट यांच्यासह काढली होती. पीसीच्या जाळ्यावर क्लायंट-सर्व्हर डेटाबेस रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. संध्याकाळची मांडणीही अशीच होती. बाजार बंद झाल्यावर ‘सरकॉन’ नावाचा काळ सुरू होई. त्यात दलालांना केवळ विचारपूस करता येई, नवी ऑर्डर नाही. मग जोडणी तोडली जाई आणि दुसऱ्या दिवसाची तयारी करणारी प्रक्रिया चाले. फोर्टमधल्या पेढ्यांवरचे रात्रीचे ताडून बघणे संपले नाही. ते वरळीत गेले, आणि आता ताडायला नोंद एकच होती.

ऑक्टोबर १९९५ पर्यंत, म्हणजे वर्षाच्या आतच, नव्या बाजाराची उलाढाल जुन्या बाजारापेक्षा जास्त झाली. दलाल स्ट्रीटने तोवर आपले रिंगण बंद केले होते. १४ मार्च १९९५ रोजी मुंबई शेअर बाजाराची ‘बोल्ट’ प्रणाली सुरू झाली. ती टॅन्डम कंपनीच्या यंत्रांवर चाले. यंत्र थांबू न देण्याची टॅन्डमची रीत स्ट्रॅटसपेक्षा वेगळी: तिथे एका प्रोसेसरवरच्या कामाचा जोडीदार दुसऱ्या प्रोसेसरवर तयार बसलेला असतो आणि त्याला पहिल्याची स्थिती वेळोवेळी कळवली जाते. ‘बोल्ट’चे आणखी एक वैशिष्ट्य माणसांशी निगडित होते. तिने जॉबरची जागा एकदम काढून घेतली नाही. ऑर्डरींबरोबर दोन्ही बाजूंचे भाव टाकण्याची सोय तिच्यात होती, आणि ती १३ ऑगस्ट २००१ पर्यंत टिकली. एका जुन्या धंद्याला सहा वर्षांची मुदत मिळाली, हे नोंदवण्याजोगे आहे. १९९७ मध्ये ‘बोल्ट’ मुंबईबाहेरही पोहोचली.

सौदे वेगाने होऊ लागले, पण शेअर कागदाचेच होते. पडद्यावर क्षणात विकलेला शेअर हस्तांतराच्या अर्जासह टपालाने कंपनीकडे जाई आणि सही जुळली नाही म्हणून परत येई. एका टोकाला वेग वाढवला की अडथळा दुसऱ्या टोकाला सरकतो, हे डेटाबेस हाताळणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. तो दूर करण्यासाठी १९९६ चा डिपॉझिटरी कायदा झाला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये शेअर कागदाऐवजी संगणकातल्या खात्यात ठेवणारी एनएसडीएल ही डिपॉझिटरी सुरू झाली. तिचे कार्यालय अनेक वर्षे लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात, सेनापती बापट मार्गावर होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्या गिरणगावातले साचे एकेक करून थंडावले, त्याच गिरणगावात आता देशभरातल्या भागधारकांची खातेवही लिहिली जाऊ लागली. ज्यांनी तिथे पाळ्या केल्या त्या कामगारांना या नव्या वहीत जागा नव्हती. हा इतिहास सांगताना ती गोष्ट वगळता येत नाही.

दुसरी डिपॉझिटरी, सीडीएसएल, १९९९ मध्ये दलाल स्ट्रीटवर सुरू झाली. या दोघींनी जुन्या प्रश्नाला दोन उत्तरे दिली. एनएसडीएलने सहभागी बँका व दलालांकडे त्यांच्या ग्राहकांच्या खात्यांचा स्थानिक डेटाबेस ठेवला आणि दिवसाअखेर केंद्राशी ताळमेळ घालण्याची पद्धत स्वीकारली. जोडणी महाग आणि बेभरवशाची असताना हे शहाणपणाचे होते. सीडीएसएलने एकच मध्यवर्ती डेटाबेस ठेवून सगळ्यांना थेट त्याच्याशी जोडले. त्यात जोडणी तुटली की काम अडते, पण दोन प्रती जुळवण्याचा व्याप राहत नाही. तारा सुधारत गेल्या तशी दुसऱ्या पद्धतीतली जोखीम कमी होत गेली. पुढे सीडीएसएलही लोअर परळला, ना. म. जोशी मार्गावरच्या मफतलाल मिलच्या आवारातल्या उंच इमारतीत आली.

या सगळ्याचा परिणाम गुंतवणूकदाराला दिसला तो सौदा पुरा होण्याच्या मुदतीत. कागदाच्या काळात बाजाराचा हिशेब आठवड्याने किंवा पंधरवड्याने होई आणि ‘बदला’ नावाच्या पद्धतीने तो पुढच्या हिशेबावर ढकलताही येई. एप्रिल २००२ पासून तो सौद्यानंतर तिसऱ्या कामकाजी दिवशी आणि एप्रिल २००३ पासून दुसऱ्या दिवशी होऊ लागला. २७ जानेवारी २०२३ रोजी उरलेले सगळे शेअर एका दिवसाच्या मुदतीखाली आले. आता बाजार बंद झाल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या देवघेवीपर्यंत ताळमेळाला एकच रात्र मिळते.