सप्टेंबर १९४० च्या आधीचं घर



गेल्या महिन्यात लेकीनं फोनवर एक जाहिरात पाठवली. दादर पूर्व, हिंदू कॉलनी, युद्धपूर्व काळातली इमारत, संपूर्ण नूतनीकरण केलेला फ्लॅट, उंच छत, तातडीने विकणे आहे. किंमत त्या भागातल्या इतर फ्लॅटच्या जवळजवळ निम्मी. तिचं ऑफिस लोअर परळला. रोजचा लोकलचा जीवघेणा प्रवास वाचेल म्हणून ती अगदी हरखली होती. ह्यांचे निवृत्तीचे पैसे आणि माझ्या दोन मुदत ठेवी मोडल्या तर गणित बसत होतं.

मला मात्र 'युद्धपूर्व' हा शब्द खटकला. मुंबईत असं कुणी बोलत नाही. तिथे 'जुनी बिल्डिंग' म्हणतात, नाहीतर सरळ 'पागडीची बिल्डिंग'. शब्द बदलला की समजावं, काहीतरी झाकायचं आहे.

आपल्या पिंपरी-चिंचवडकडे असल्या घरांचा अनुभव नाही, कारण युद्धाआधी इथे फ्लॅटच नव्हते. चिंचवडला मोरया गोसावींचं देऊळ आणि वाडा, बाकी शेती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ला आली, मग एमआयडीसी, मग १९७२ ला प्राधिकरण. आपण सगळ्याजणी मालकीच्या, नाहीतर प्राधिकरणाच्या ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या घरात राहतो. त्यामुळे 'विकणे आहे' म्हटलं की आपण विकणारा हा मालक आहे असंच धरून चालतो.

मी हिंदू कॉलनी ओळखते. माझी मावशी तिथे राहायची. सांगलीहून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिच्याकडे जायचो. तळमजला आणि वर दोन मजले, पुढे बदामाचं झाड, आत शिरलं की पायाला गार लागणाऱ्या नक्षीच्या फरश्या. मावशी त्याला 'ब्लॉक' म्हणायची, 'फ्लॅट' कधीच नाही. चाळीत राहणाऱ्या तिच्या नणंदेसमोर 'आमच्या ब्लॉकमध्ये' म्हणताना तिचा आवाज जरा वर जायचा, हे मला लहानपणीही कळायचं.

तो रुबाब उगीच नव्हता. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट गेली. त्यानंतर १८९८ ला सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. रस्ते रुंद करणं, कोंदट वस्त्या मोडणं आणि शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्यासारखी मोकळी वसाहत आखणं ही त्याची कामं. ट्रस्टनं तिथले प्लॉट विकले नाहीत, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिले. अगदी आपल्या प्राधिकरणासारखंच. प्लॉट घेणाऱ्यानं इमारत बांधायची आणि ब्लॉक भाड्यानं लावायचे. विसाव्या शतकाच्या विशीत आणि तिशीत हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंगा असं सगळं भरत गेलं. ट्रस्ट १९३३ ला महापालिकेत विलीन झाला, तोवर घराचा नवा नमुना रुळला होता.

नवं काय होतं? एका वाक्यात सांगायचं तर संडास घरात आला. चाळीत तो मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. वाड्यात तो परसाच्या पलीकडे. ब्लॉकमध्ये मोरी, न्हाणीघर आणि संडास एकाच कुटुंबाचे, एकाच दाराच्या आत. आज हे आपल्याला इतकं साधं वाटतं की त्यात इतिहास आहे हेच पटत नाही. पण माझी आजी एकदा मावशीकडे आली तेव्हा स्वयंपाकघरापासून दोन दारांवर संडास पाहून चार दिवस धड जेवली नाही. नुसतं दूध-केळ्यावर राहिली. ज्यांनी ही घरं बांधली त्यांनाही आजीसारख्या बायकांची कल्पना असावी. म्हणून संडास मागच्या गॅलरीच्या अगदी टोकाला, मध्ये एक बोळ आणि दार.

आणि सफाई करणाऱ्यांसाठी मागून वेगळा लोखंडी गोल जिना. जाहिरातीत त्या जिन्याचा फोटो होता, खाली लिहिलं होतं 'हेरिटेज सौंदर्य'. सौंदर्य कसलं? माणसानं पुढच्या दारानं येऊ नये म्हणून केलेली ती सोय होती. मावशीकडे त्या जिन्यानं येणाऱ्या बाईला वरून पाणी ओतलेलं मी पाहिलंय, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेही लिहायला हवं.

बाकी घर मात्र राहणाऱ्याचा विचार करून बांधलेलं. खिडक्या दोन बाजूंना, दारांवर झरोके, छत उंच. स्वयंपाकघर पश्चिमेला, त्यामुळे मावशीचं सूर्यास्ताआधीचं जेवण दिवा न लावता व्हायचं. मोरीत एका बाजूला पाणी गाळायला दगडी कट्टा. १९३६ ला एसीसी कंपनी झाली, सिमेंटची जाहिरात जोरात सुरू झाली. भारत टाइल्स ही देशी कंपनी तर १९२२ पासूनच नक्षीच्या फरश्या करत होती. मावशीकडच्या फरश्या कुणाच्या होत्या मी कधी विचारलं नाही, पण तशा फरशीवर ऐंशी वर्षांनंतरही पाय घसरत नाही.

आता त्या विक्रीच्या फ्लॅटकडे येते. आम्ही तिघं रविवारी सकाळी पिंपरीहून गाडी पकडून गेलो. इमारत मावशीच्या गल्लीच्या पुढच्याच गल्लीत. घर चकचकीत होतं. जुन्या फरशीवर पांढऱ्या मोठ्या टाइल्स चढवल्या होत्या. उंच छताखाली पीओपीचं खोटं छत, म्हणजे जाहिरातीतली उंची निम्मी गेलेली. मागची गॅलरी बंद करून खोलीत घेतली होती. मोरी गेली. संडास एकाचे दोन झाले होते, त्यातला एक स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून. आजी असती तर दूध-केळंही घेतलं नसतं.

लेक खूश होती. मी दलालाला म्हटलं, भाडेपावती दाखवा.

तो थबकला. मग पावती निघाली. महिना भाडं दोनशे रुपयांच्या आत. म्हणजे विकणारा मालक नव्हता, भाडेकरू होता. तो घर विकत नव्हता, भाडेकरूचा हक्क विकत होता.

हे असं का, त्याचं मूळ पुन्हा युद्धात आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली म्हणून १९१८ ला पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. तो पुढे संपला. दुसरं महायुद्ध सुरू होताच १९३९ ला पुन्हा कायदा. आणि मग १९४७ चा प्रसिद्ध बॉम्बे रेंट ॲक्ट, जो फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. त्यानं १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच 'प्रमाण भाडं' ठरवलं. कायदा होता तात्पुरता, पण दर काही वर्षांनी मुदत वाढत वाढत पन्नास वर्षं चालला. मावशीचं भाडं तिच्या लग्नात जे होतं, जवळपास तेच तिच्या नातवाच्या बारशाला होतं.

भाडेकरूला हे वरदान वाटलं. पण बी.कॉम.ला शिकलेलं मी विसरले नाहीये. ज्या मालमत्तेतून उत्पन्न नाही तिच्यावर खर्च कोण करणार? मालकांनी दुरुस्ती सोडली. खाऱ्या हवेनं सळया गंजल्या, गिलावा पडू लागला. शेवटी १९६९ ला दुरुस्ती मंडळाचा कायदा करून भाडेकरू असलेल्या इमारतींवर उपकर बसवावा लागला. अशा १९,६४२ इमारती होत्या आणि त्यातल्या १६,५०२ 'अ' वर्गात, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. पुन्हा तीच तारीख.

दुसरीकडे, भाडं वाढवता येत नाही म्हटल्यावर मालक घर देतानाच मोठी रक्कम मागू लागले. तीच पागडी. १९४७ च्या कायद्यात ती घेणं गुन्हा होता, तरी सगळे घेत आणि सगळे देत, बिनपावतीची. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ ला ती गोठवलेली भाडी आता न्याय्य नाहीत असं म्हटलं. मग १९९९ चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाडं वर्षाला ४ टक्के वाढवायची मुभा मिळाली आणि भाडेहक्क हस्तांतर करताना पैसे घेणं कायदेशीर झालं. मालकाचा वाटा प्रथेप्रमाणे साधारण एक तृतीयांश असतो.

म्हणजे पागडीचं घर घेणं बेकायदा नाही. मावशीसारखी हजारो कुटुंबं त्यात सुखानं राहिली. पण बहुतेक बँका त्यावर गृहकर्ज देत नाहीत, पैसे रोकडच उभे करावे लागतात. आणि ज्या नूतनीकरणावर लेक भाळली होती तेच मला धोक्याचं वाटलं. मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूनं कायमस्वरूपी बांधकाम केलं तर त्याच कायद्यात घर खाली करायला लावायची तरतूद आहे. गॅलरी बंद केली, संडास हलवला, याची संमती कुठे आहे? मी विचारलं. दलाल म्हणाला, "काकू, मालक काही बोलत नाहीत हो. आणि पुनर्विकास झाला की मालकीचा नवा फ्लॅट मिळेल, तेव्हा कोण विचारतंय?" कधी होईल? "लवकरच." मावशीलाही 'लवकरच' सांगितलं होतं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

परतीच्या गाडीत लेक लोणावळ्यापर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तुला घर आवडलंच नाही, म्हणून कागद काढलेस ना?" खरं सांगायचं तर थोडं तसंही होतं. ती पांढरी टाइल उखडून खालची नक्षी पाहावी असं मला सारखं वाटत होतं.

टोकन दिलेलं नाही. मालकाचं संमतीपत्र, मागच्या तीन वर्षांच्या भाडेपावत्या आणि उपकर भरल्याचा कागद मागितला आहे. दलालाचे तीन फोन आले, कागद अजून एकही आलेला नाही. लेक रोज संध्याकाळी लोकलमधून फोन करते आणि पहिलं तेच विचारते.