तारापूरची गाडी

१. तारापूरची गाडी : या शब्दांवरून तारापूर बंदरापर्यंत एखादा फाटा जात असावा, असा वाचकाचा समज होणे स्वाभाविक आहे, वस्तुतः लेखकास अभिप्रेत असलेली गाडी म्हणजे मुख्य मार्गावरची, बोईसरास थांबणारी उतारूगाडी होय. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनीचा सुरतेकडून आलेला हा रुंदमापी मार्ग सन १८६४ मध्ये मुंबईस पोहोचला. परंतु तो किनाऱ्यापासून आत, पालघर-बोईसरवरून नेला गेल्यामुळे, ज्याचा किल्ला १७३९ च्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजेने हल्ला करून घेतला, ते जुने बंदर रुळांपासून दूरच राहिले. पुढे येणारी ‘दमणी’ ती हीच तूट भरून काढणारी हलकी बैलगाडी. ट्रंक आडवी ठेवली की तीत दोघांनीच गुडघे जुळवून बसावे. रुळांचा प्रभाव मात्र दफ्तरातही उमटला : पूर्वीचा माहीम तालुका पुढे पालघरच्या नावाने ओळखला जाऊ लागला. शाखामार्गाचा खरा नमुना उत्तरेस बिलिमोऱ्यास आढळतो; तेथून वघईपर्यंतचा, अडीच फूट मापाचा, सुमारे ६३ किलोमीटरांचा फाटा बडोद्याच्या गायकवाडांच्या अमदानीत घातला गेला आणि डांगच्या जंगलातील सागवान त्यावरून बाहेर पडू लागले. तारापुरास असे भाग्य लाभले नाही. १९६९ साली तेथील अणुवीज केंद्र सुरू झाल्यावरही उतारूंचे स्टेशन बोईसरच राहिले. — संपादक