गावित बहिणी आणि जवळपास आठ वर्षं फिरलेली फाईल

दिवाळीच्या आधीच्या रविवारी हिंदमाताला गेलात तर ड्रेस मटेरियलच्या दुकानांपेक्षा जास्त ऐकू येतं ते एकच वाक्य. "हात सोडू नकोस!" १९९६ नंतर आमच्या परळ-लालबागच्या चाळींत या वाक्यामागे एक नाव येऊन बसलं होतं. गावित. आजच्या पोरांना ते माहीत नाही, म्हणून हा प्रपंच.

अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित. धंदा पाकीटमारीचा आणि सोनसाखळ्यांचा. जागा ठरलेल्या, देवळं, जत्रा, स्टेशनं, एसटी स्टँड. सांगतात की रेणुका एकदा चोरी करताना पकडली गेली, पण कडेवर तान्हं मूल बघून लोकांनी सोडून दिली. लेकुरवाळ्या बाईवर कोण संशय घेणार? तिथून दुसऱ्यांची मुलं उचलायची कल्पना निघाली.

१९९० मध्ये कोल्हापुरात एका भिकारणीचं मूल त्यांनी पळवलं. पुढे देवळात सीमा पकडली गेली तेव्हा अंजनाबाईने ते मूल जमिनीवर आपटलं. गर्दी रक्ताळलेल्या मुलाकडे वळली आणि सीमा सुटली. जखमी मूल रडायचं थांबेना, तर नंतर त्यालाच संपवलं. याहून जास्त लिहवत नाही.

हे सहा वर्षं चाललं, बरं का. सहा वर्षं! बरीचशी मुलं गरिबांची, फुटपाथवरची, स्टँडवरची. त्यांच्या आयांच्या तक्रारी कुणी जोडून बघितल्याच नाहीत. शेवटी त्या सापडल्या त्या घरच्याच वैरामुळे. अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोची एक मुलगी त्यांनी मारली, दुसरीवर डोळा होता. त्या आईने तक्रार केली आणि १९९६ मध्ये तिघी पकडल्या गेल्या. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई निकालाआधीच कोठडीत वारली.

२००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने १३ अपहरणं आणि ६ खून धरून दोघी बहिणींना फाशी दिली. २००४ मध्ये हायकोर्टात ५ खून टिकले, फाशीही टिकली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती कायम केली. इथवर यंत्रणा चालली म्हणायची.

मग दयेचे अर्ज. राज्यपाल, गृहखातं, दिल्ली, परत मुंबई. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी अर्ज फेटाळला आणि पेपरांत फाशीचे मथळे झळकले. बहिणी हायकोर्टात गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टाने शत्रुघ्न चौहान खटल्यात सांगितलं होतं की दयेच्या अर्जावर सरकारने विनाकारण विलंब लावला तर फाशी रद्द होऊ शकते. इथे विलंब किती? ७ वर्षं, १० महिने, १५ दिवस. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली. अधिकाऱ्यांच्या बेफिकिरीवर कोर्टाने स्पष्ट बोट ठेवलं. ईमेलच्या जमान्यात कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला एवढी वर्षं लागली.

त्या दिवशी मीही कोर्टावर चिडलो होतो, कबूल करतो. निकाल काय म्हणतोय ते बघितल्यावर राग दुसरीकडे गेला. कोर्टाने गुन्हा कुठेच हलका केलेला नाही. सुटका मागितली होती, तीही दिली नाही. बहिणींना दोरापासून वाचवलं ते मंत्रालयातल्या आणि दिल्लीतल्या टेबलांनी. मुलं हरवली तेव्हा कुणाला घाई नव्हती, शिक्षा द्यायची वेळ आली तेव्हाही नव्हती. फाशी असावी की नसावी हा वाद वेगळा, कमेंटमध्ये भांडा खुशाल. पण हो किंवा नाही, उत्तर वेळेत द्यायला काय हरकत होती?

राज्य सरकार मग सुप्रीम कोर्टात गेलं. एप्रिल २०२३ मध्ये तिथेही जन्मठेपच राहिली, फक्त नैसर्गिक मृत्यूपर्यंत आणि कसलीही सूट न देता. सोबत सगळ्या सरकारांना तंबी, दयेचे अर्ज लवकर निकाली काढा.

पोलिसांनी याहून जास्त खुनांचे आरोप ठेवले होते. ते सगळे सिद्ध झाले नाहीत.