निशाणवाला आणि सेन्सर

सातारा-सांगलीकडच्या माणसाला पायी वाट तुडवणे नवे नाही. आषाढीला ज्ञानोबारायांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी सातारा जिल्ह्यातून जाते. कार्तिकीला मिरज-पंढरपूर रस्त्यावर दिंड्या लागतात. पताका दिसली की मोटारवाल्याने सांभाळून जावे, अशी आपली समजूत.

वाचकहो, गंमत अशी की एके काळी निशाण धरण्याचे काम गाडीवाल्याकडेच होते! इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने वाफेच्या गाडीपुढे ६० यार्डांवर एक माणूस तांबडे निशाण घेऊन चाले. वेगाची मर्यादा गावात ताशी २ मैल, बाहेर ४ मैल. पुढे १८७८ साली निशाणाची सक्ती गेली, १८९६ साली माणूसही गेला आणि मर्यादा १४ मैलांवर चढली. त्याच १८९६ च्या १७ ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशी ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. जपून चालण्याचे ओझे हळूहळू पायी चालणाऱ्याच्याच डोक्यावर आले.

ते ओझे पुन्हा गाडीवर ठेवण्याचा प्रयत्न अलीकडचा. २०१० साली व्होल्वोच्या एस-६० गाडीत रडार आणि कॅमेरा माणूस ओळखून आपोआप ब्रेक लावू लागले. २०१२ साली त्याच कंपनीच्या व्ही-४० च्या बंपरात सात सेन्सर आले. माणसाचा पाय लागला की बॉनेटची मागली बाजू वर उचलली जाई आणि काचेच्या बुडाशी हवेची पिशवी फुगे. डोके इंजिनाच्या लोखंडावर आदळू नये, एवढाच हेतू. आपल्याकडेही २०१८ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना पादचारी-सुरक्षेची चाचणी लागू झाली.

मग प्रश्न सुटला का? ३१ ऑक्टोबर २०२२ च्या तिन्हीसांजेला मिरज-पंढरपूर रस्त्यावर, सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ मोटार दिंडीत घुसली. कोल्हापूरकडचे सात वारकरी गेले.

सेन्सर हा नवा निशाणवालाच म्हणा. पण जुन्या निशाणवाल्याचा उपयोग होई, तो गाडी सावकाश चाले म्हणून. व्ही-४० ची ती पिशवीदेखील ताशी २० ते ५० किलोमीटरच्या दरम्यानच कामाची. कॅमेऱ्यालाही अंधार-पाऊस बाधतोच. तेव्हा, मोटारीत बसणाऱ्या मंडळींनो, सेन्सर जरूर घ्या; पण पताका दिसली की ब्रेकवर पाय तुमचाच पडू द्या.