कृत्रिम बुद्धि आणि कल्याणपलीकडील तीन नगरें

कृत्रिम बुद्धीविषयीं सध्यां जी चर्चा सर्वत्र चालू आहे तींत दोन पक्ष ठळकपणें दिसतात. एक पक्ष तिला कल्पतरु मानतो. दुसऱ्यास तिच्यांत उद्योगधंद्यांचा आणि साहित्याचा प्रलय दिसतो. एका गोष्टीवर मात्र दोघांचेंही एकमत आहे. पुढें जें व्हावयाचें तें यंत्रच ठरविणार, असें दोघेही धरून चालतात. हें गृहीत कितपत खरें, याचा निर्णय तर्कापेक्षां इतिहासानें लागण्यासारखा आहे. आणि तो इतिहास पाहण्यासाठीं मँचेस्टरपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. कल्याण सोडल्यावर कर्जतच्या वाटेवर लागणारीं उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन नगरें त्यास पुरेशीं आहेत.

शिवकालीं येथें घोडे बदलले जात, म्हणून गांवास बदलापूर हें नांव पडलें, असें लोक सांगतात. ही व्युत्पत्ति दंतकथा असली तरी बोधप्रद आहे. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी आली. १८५४ सालीं ती कल्याणास पोंचली आणि १८५६ सालीं बदलापुरावरून खोपोलीपर्यंत गेली. घोडा बदलण्याचें कारण उरलें नाहीं. परंतु रूळ कोणत्या वाटेनें न्यावयाचे, आणि भागीदारांस शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी कोणाच्या तिजोरींतून द्यावयाची, हे निर्णय वाफेच्या एंजिनानें केले नव्हते. ते कंपनीनें व सरकारनें केले.

अंबरनाथचा दाखला याहून बोलका आहे. १९२२ सालीं हिंदुस्थान सरकारनें परदेशी काड्यापेट्यांवरील जकात वाढविली. माल बाहेरून आणून विकणें स्वीडनमधील बलाढ्य कारखानदारांस जड जाऊं लागलें. तेव्हां त्यांनीं १९२३ सालीं वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपणां सर्वांस ठाऊक असलेली 'विम्को', स्थापिली आणि तिचा एक कारखाना अंबरनाथास उभारला. ओंडका सोलून त्याचे पातळ पापुद्रे काढणें, काड्या कातरणें, त्यांस गुल लावणें, पेट्या भरणें, हीं कामें यंत्रांवर होऊं लागलीं. त्याच सुमारास दक्षिणेंत शिवकाशीस हातानें काड्यापेट्या करण्याचा धंदा मूळ धरीत होता. यंत्रापुढें हात टिकणार नाहीं, असें त्या वेळीं कोणीही म्हटलें असतें.

पण हात टिकला, आणि यंत्र मागें पडलें! याचें मुख्य कारण कर. हातबनावटीच्या पेटीवर कमी आणि यंत्रावरील पेटीवर अधिक उत्पादनशुल्क घेण्याचें धोरण सरकारनें दीर्घकाळ चालविलें. शिवकाशी वाढत गेली. विम्को २००५ सालीं आय. टी. सी. समूहाच्या ताब्यांत गेली. अंबरनाथचा कारखाना बंद झाला आणि 'विम्को नाका' हें नांव तेवढें लोकांच्या तोंडीं राहिलें. ज्या यंत्रास जकातीनें येथें आणिलें त्यास करानें हटविलें.

मात्र हा हाताचा विजय निर्मळ नव्हता. शिवकाशीच्या त्या स्वस्त हातांत लहान मुलांचे हातही होते. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, धोक्याच्या धंद्यांत मुलांस राबविणाऱ्या मालकानें प्रत्येक मुलामागें २०,००० रुपये कल्याणनिधींत भरावे, असा निर्णय दिला, तो शिवकाशीच्याच खटल्यांत. तेव्हां यंत्रास अडविलें म्हणजे मनुष्याचें रक्षण झालेंच, असें मानणें भाबडेपणाचें होईल. कोणत्या अटींवर काम चालतें हा खरा प्रश्न असून तो हातास व यंत्रास सारखाच लागू आहे.

ही अट कशी घालावी, याचेंही उदाहरण आपल्याकडे आहे. बँकांत संगणक येऊं लागले तेव्हां कर्मचारी संघटनांनीं कडवा विरोध केला. पण शेवटीं १९८३ सालीं व्यवस्थापनाशीं करार करून, कोणतीं यंत्रें, किती व कोणत्या कामासाठीं बसवावयाचीं, याच्या मर्यादा त्यांनीं लिहून घेतल्या. पुढें त्या मर्यादा सैल झाल्या हें खरें; तरी दोन पिढ्यांस सांवरण्यास अवधि मिळाला. आज बदलापुराहून पहांटेची लोकल पकडून मुंबईस जाणाऱ्या तरुणापुढें जें यंत्र उभें आहे तें पत्रांचे मसुदे करतें, भाषांतर करतें, हिशेब तपासतें, संगणकाच्या आज्ञाही लिहितें. २०२२ च्या नोव्हेंबरांत 'चॅट-जीपीटी' लोकांपुढें आल्यापासून हा बदल फार वेगानें होत आहे, आणि त्याविषयीं या तरुणाशीं कोणीही करार केलेला नाहीं.

आम्हांस यांत जी भीति वाटते ती अनुभवी माणसाच्या नोकरीपेक्षां उमेदवाराविषयींची अधिक आहे. शंभर मसुदे खरडल्यावर कारकुनास पत्र लिहितां येतें. सामान्य भाषांतरें करून करून भाषांतरकार तयार होतो. हीं प्राथमिक कामेंच यंत्राकडे गेलीं, तर वीस वर्षांनीं यंत्राच्या चुका ओळखणारा जाणता माणूस कोठून यावयाचा? शिडीची पहिली पायरी काढून घेऊन वरच्या मजल्यावर माणसें येत नाहींत, अशी तक्रार करण्यांत अर्थ नाहीं.

उल्हासनगर हें या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं फाळणीनंतर सिंधमधून उखडलेले लोक आले. १९४९ सालीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीचें नामकरण झालें. मालावर 'मेड इन यू. एस. ए.' छापावें आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावावा, हा विनोद साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. नकलेचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु त्या विनोदांतील तुच्छता बाजूस ठेवली तर एक गोष्ट दिसते: घर, शेत, दुकान सारें गमावलेल्या माणसांस नकल ही शाळा झाली. परदेशी कपडा उसवून पाहणाऱ्या शिंप्याच्या हातांत ती कला राहिली, आणि आज तेथील जीन्सचा धंदा देशभर माल पुरवितो. यंत्राची नकल वेगळी आहे. असंख्य लेखकांचें लेखन व चित्रकारांचीं चित्रें पाहून तें शिकतें. पण तें कौशल्य कोणा कारागिराच्या हातीं न राहतां थोड्या कंपन्यांच्या मालकींत जातें, आणि मूळ लेखकाचें नांवही उरत नाहीं.

नांव पुसलें जाणें ही गोष्ट नवी नाहीं. अंबरनाथच्या शिवालयावर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणि याचें नांव आपण त्यावरून अद्यापि घेतों. त्या भिंती कोरणाऱ्यांचीं नांवें कोणाच्या ओठीं नाहींत. परंतु जें अकराव्या शतकांत झालें तें एकविसाव्यांतही व्हावें, असा नियम नाहीं. अमेरिकेंतील चित्रपट-लेखकांनीं २०२३ सालीं १४८ दिवस संप करून, यंत्रास लेखक म्हणून श्रेय देतां येणार नाहीं, असें करारांत लिहवून घेतलें.

राहिली भाषेची गोष्ट. जी भाषा छापलेल्या व साठविलेल्या रूपांत विपुल तीच या यंत्रास नीट येते. सिंधीस १९६७ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें, पण प्रांत मिळाला नाहीं. अरबी वळणाची लिपि कीं देवनागरी, हा वादही तिच्या वांट्यास आला. अशा भाषेस यंत्रयुगांत जागा करून द्यावयाची तर मुद्दाम प्रयत्न करावा लागतो. २०२२ सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेली 'भाषिणी' ही योजना त्याच दिशेची आहे. मराठीनें आपण सुरक्षित आहों असें समजूं नये. बदलापुरास श्याम जोशी यांनीं उभारलेल्या 'ग्रंथसखा' वाचनालयांत जुन्या, दुर्मिळ मराठी ग्रंथांचा व नियतकालिकांचा मोठा संग्रह झाला आहे. असे संग्रह यंत्रापर्यंत पोंचले नाहींत, तर उद्यांचें यंत्र जी मराठी बोलेल ती जाहिरातींची आणि ओबडधोबड भाषांतरांची असेल. ते संग्रह कोणत्या अटींवर पोंचवावयाचे, लेखकांचें श्रेय कसें राखावयाचें, हें ठरविणें मात्र ग्रंथालयांचें, विद्यापीठांचें व साहित्यसंस्थांचें काम आहे.

या तिन्ही नगरांचा इतिहास पाहिल्यावर आमचें मत असें झालें आहे कीं, यंत्राची बुद्धि किती, या वादापेक्षां जकात, कर, करार आणि ग्रंथसंग्रह यांकडे आपण अधिक लक्ष द्यावें. उमेदवारांस काम शिकण्याची सोय, लेखकांच्या श्रेयाचा लेखी बंदोबस्त, आणि आपल्या भाषांच्या ग्रंथभांडाराची जपणूक, या तीन गोष्टी आतांच मागितल्या पाहिजेत. विम्कोच्या कामगारांस त्यांच्या भवितव्याचा निर्णय दूर कोठें तरी होऊन गेल्यावर कळला; आपणांस अद्यापि वेळ आहे.